जीपीएस कॉलर सारखा खोटा अलर्ट देतोय? सेटिंग बदलायच्या आधी नकाशावरचा माग बघा

कुत्रा ओट्यावर घोरत पडलाय आणि फोन ओरडून सांगतोय की तो कुंपणाबाहेर गेला. ज्यांच्याकडे जीपीएस कॉलर आहे, म्हणजे कुत्रा कुठे आहे ते फोनवर दाखवणारा आणि ॲपमध्ये आखलेली हद्द ओलांडली की अलर्ट देणारा गळपट्टा, त्यांना हे नवीन नाही. दोन-चार वेळा असं झालं की माणूस काय करतो, तर नोटिफिकेशन म्यूट करून टाकतो, आणि नेमकं हेच करू नका असं मला कळकळीने सांगायचंय. आमच्या बडोद्यात विश्वामित्री नदी शहराच्या मधून जाते, तिच्यात मगरी आहेत, आणि २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या सोसायट्यांच्या रस्त्यापर्यंत आल्या होत्या हे सगळ्यांनी बघितलंय. समा, कारेलीबाग, फतेगंजकडे नदीच्या कोतराजवळ, म्हणजे घळीजवळ, राहणाऱ्यांचा कुत्रा खरंच खाली उतरला तर तो एक अलर्ट कळायलाच हवा. म्यूट केलेला कॉलर म्हणजे गळ्यात नुसतं वजन.

सगळ्यात आधी एक काम करा, बाकी पोस्ट नंतर वाचा. तुमच्या कॉलरमध्ये करंट देणारा मोड असेल, म्हणजे हद्द ओलांडली की मानेला झटका, तर तो आत्ताच बंद करा. बीप आणि व्हायब्रेशनसुद्धा खोटे अलर्ट थांबेपर्यंत बंदच ठेवा, अलर्ट फक्त तुमच्या फोनवर येऊ दे. कारण साधं आहे, कुत्र्याला नकाशा कळत नाही, झटका बसला त्या क्षणी समोर जे होतं त्यालाच तो कारण समजतो. आमच्या आत्याकडच्या कुत्र्याला स्वयंपाकघराच्या दाराशी जेवताना असाच खोटा झटका बसला आणि त्यानंतर तो त्या ताटलीजवळ यायलाच तयार नाही. लांब उभा राहून मान पुढे ताणतो, वास घेतो आणि मागे सरकतो, ताटली अंगणात नेली तरच खातो. ताटलीच्या जागी घरातलं लहान मूल असतं तर काय झालं असतं याचा विचार करा. मला विचाराल तर करंटवाला मोड लावूच नये, पण खोटे अलर्ट येत असताना तो चालू ठेवणं म्हणजे मुक्या जनावराला विनाकारण मार देणं आहे, त्यात दुमत नसावं.

आता निदान. ॲपमध्ये हिस्टरी उघडा आणि अलर्ट आला त्या वेळेचा माग बघा, नुसता शेवटचा ठिपका नको, आधीची आणि नंतरची पंधरा-वीस मिनिटं सगळी बघा. खोट्या अलर्टची कारणं पुष्कळ आहेत पण नकाशावर ती वेगवेगळी दिसतात, आणि एकदा ओळखता आली की अर्धं काम झालं.

पहिला प्रकार, म्हणजे सगळ्यात जास्त दिसणारा. एका जागेभोवती रेघा इकडून तिकडे, फिरकीतून सुटलेल्या मांजाच्या गुंत्यासारख्या, आणि त्यातली एखादी रेघ हद्दीबाहेर जाऊन परत आत. कुत्रा हललेलाच नाही, हलतोय तो जीपीएसचा अंदाज. सॅटेलाइट २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात, खाली येईपर्यंत सिग्नल इतका क्षीण होतो की वरचा स्लॅब, पत्र्याची शेड, भिंतीलगतची आसोपालवाची रांग, सगळ्याचा त्याच्यावर परिणाम होतो. स्लॅबखाली तर सरळ सिग्नल जवळपास मिळतच नाही, समोरच्या बिल्डिंगवर आपटून आलेला मिळतो, आणि तो लांबच्या वाटेने आल्यामुळे कॉलरचा हिशोब चुकतो. पावसाळ्यात झाडं गच्च होतात, पानं ओली असतात, तेव्हा हे आणखी वाढतं. म्हणून ज्यांचा कॉलर मे महिन्यात शहाण्यासारखा चालत होता तो जुलैमध्ये वेड्यासारखा करायला लागला असेल तर त्यात बिघाड झालाय असं लगेच धरू नका. तसंच शेजारी नवीन बिल्डिंग उभी राहिली, समोर काचेचं किंवा चकचकीत पत्र्याचं एलिव्हेशन आलं, अंगणात कारसाठी शेड टाकली, हे आठवून बघा.

याची खात्री करायला एक सोपी टेस्ट आहे आणि ती केल्याशिवाय पुढे जाऊ नका. कॉलर फुल चार्ज करा, कुत्र्याच्या गळ्यातून काढा आणि रात्रभर अगाशीवर मोकळ्या आभाळाखाली ठेवा, पाण्याच्या टाकीपासून आणि सोलरच्या पॅनलपासून लांब, एखाद्या स्टुलावर, यंत्राची बाजू वर करून. सकाळी माग बघा. दुसऱ्या रात्री तोच कॉलर कुत्रा झोपतो त्या जागी ठेवा, जिन्याखाली म्हणा, ओट्यावर म्हणा. अगाशीवर सगळे ठिपके एका जागी गोळा आणि जिन्याखाली गुंता, असं दिसलं तर कॉलर ठणठणीत आहे, जागा वाईट आहे. दोन्हीकडे गुंता असेल तर मात्र कॉलरचा अँटेना किंवा आतलं काहीतरी गेलंय, दोन्ही स्क्रीनशॉट दाखवून बदलून मागा. विकणारे बहुतेक वेळा रिसेट करा, ॲप परत टाका एवढंच सांगतात, पण असे दोन स्क्रीनशॉट समोर ठेवले की बोलणं वेगळं होतं.

जागा वाईट असेल तर हद्द वाढवून ठेवायची, हा सगळ्यांना सुचणारा उपाय मला पटत नाही. घरातल्या गुंत्यापायी हद्द तीस मीटर बाहेर सरकवली तर कुत्रा खरोखर रस्त्यावर पोचेपर्यंत फोन गप्प बसणार. त्यापेक्षा घरात असताना जीपीएसवर अवलंबूनच राहू नका. हल्लीच्या बऱ्याच कॉलरमध्ये घरच्या वायफायचा किंवा ब्लूटूथ बेसचा झोन लावता येतो, त्या झोनमध्ये कॉलर असला की तो घरी आहे असं धरतो आणि जीपीएसला विश्रांती देतो, बॅटरीही वाचते. ही सोय असेल तर घरातल्या गुंत्याचा प्रश्न बहुतेक मिटतो.

पण इथे एक गोची आहे जी फार कमी लोकांच्या लक्षात येते. लाइट गेली की राउटर बंद होतो, कॉलरला वायफाय दिसेनासं होतं, तो समजतो की कुत्रा घरातून निघाला, मग स्लॅबखालूनच जीपीएस शोधायला लागतो, आणि पहिलाच अंदाज दोन गल्ल्या पलीकडचा लागतो. पावसाळ्यात रात्री येणारे खोटे अलर्ट तपासा, त्यातले कितीतरी लाइट जायच्या आणि यायच्या वेळेशी जुळतील. राउटर इन्व्हर्टरवर घ्या किंवा राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो तो लावा, बस. राउटर बदलला, नाव किंवा पासवर्ड बदलला, घरातल्या कोणी वायफायवाल्याला बोलावून सेटिंग नवीन करून घेतलं, तरी ॲपमध्ये झोन परत लावावा लागू शकतो, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

दुसरा प्रकार, एकच ठिपका एकदम लांब. कुत्रा घरी दांडिया बाजारला आणि ठिपका पार स्टेशनपलीकडे अलकापुरीत, पुढच्या मिनिटाला परत घरी. हा ठिपका जीपीएसचा नाहीच. कॉलरला सॅटेलाइट मिळाले नाहीत की तो मोबाइल टॉवरवरून अंदाज काढतो आणि त्यात शेकडो मीटरची, कधी त्याहून जास्त चूक असते. ॲपमध्ये त्या ठिपक्याभोवती मोठं वर्तुळ दिसेल, तीच खूण. सेटिंगमध्ये अचूकतेची मर्यादा ठरवता येत असेल तर ठरवा, म्हणजे वर्तुळ अमुक मीटरपेक्षा मोठं असेल तर अलर्ट नको. टॉवरवरचं लोकेशन पूर्ण बंद मात्र करू नका, कुत्रा खरंच हरवला आणि कुठल्या तळघरात किंवा गोडाऊनमध्ये अडकला तर तोच अंदाज कामाला येतो, फक्त अलर्ट त्याच्यावरून वाजू नये एवढंच बघायचं.

चार्जिंगनंतर लगेच येणारे खोटे अलर्टही साधारण असेच दिसतात. बंद पडलेला कॉलर नव्याने चालू झाला की त्याला सॅटेलाइटकडून माहिती घ्यावी लागते, एका सॅटेलाइटचा नेमका मार्ग कळायला चांगल्या सिग्नलमध्ये अर्धा मिनिट लागतो आणि सगळ्या सॅटेलाइटचं पूर्ण पंचांग उतरवायला साडेबारा मिनिटं. आजकाल ही माहिती मोबाइल नेटवर खाली येते म्हणून काम लवकर होतं, पण नेट कमजोर असेल तर नाही. म्हणून चार्जिंग झालं की लगेच गळ्यात घालून कुत्र्याला सोफ्याखाली जाऊ देऊ नका, आधी कॉलर ओट्याच्या कठड्यावर मोकळ्यात पंधरा मिनिटं ठेवा, मग घाला.

तिसरा प्रकार, गुंता नाही, उडी नाही, पण सगळा माग एका बाजूला सरकलेला. कुत्रा रोज ज्या भिंतीच्या आतून पळतो ती पळवाट नकाशावर भिंतीच्या बाहेर दिसते, रोज, तेवढीच. इथे बऱ्याचदा तुमची रेघ चुकलेली असते. ॲपमधल्या सॅटेलाइट फोटोवर बोटाने हद्द काढली की दोन गोष्टी होतात, एक तर तो फोटो स्वतःच काही मीटर इकडे तिकडे असू शकतो, आणि दुसरं, उंच बिल्डिंग फोटोत कलती दिसते, तुम्ही गच्चीची कड धरून रेघ मारता आणि जमिनीवरची भिंत वेगळीकडे असते. उपाय म्हणजे कॉलर हातात, डोक्याच्या उंचीवर धरून हद्दीवरून सावकाश चाला, कोपऱ्यावर मिनिटभर थांबा, आणि जो माग उमटेल त्यावरून रेघ काढा. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा चालून बघा, दोन्ही माग किती जुळतात त्यावरून तुमच्या जागेत खरी चूक किती हे कळेल. टोकदार कोपरे काढू नका, हद्द गोलसर ठेवा.

आणि आता ते जे कोणी दुकानात सांगत नाही. मोकळ्या आभाळाखाली मोबाइल फोनच्या जीपीएसची अचूकता साधारण ४.९ मीटर असते, हे जीपीएस चालवणाऱ्या अमेरिकन सरकारच्याच साइटवर लिहिलंय, म्हणजे सोळा फूट, आणि तेही मोकळ्यात. तुमचं टेनामेंट, म्हणजे छोटं स्वतंत्र घर, वीस बाय पन्नास फुटांचं असेल तर कुत्रा बरोब्बर मधोमध उभा असला तरी बाजूची भिंत त्याच्यापासून दहा फुटांवर, मग अलर्ट येणार नाही तर काय होईल! इथे कुठलंही सेटिंग चालणार नाही, कॉलर बदलूनही चालणार नाही. अशा घरी जीपीएसचा उपयोग हरवलेला कुत्रा शोधायला करा, कुंपण म्हणून नको. कुंपणासाठी फाटकाला खालून जाळी लावा, फाटक उघडलं की वाजणारा साधा सेन्सर लावा, आणि ॲपमध्ये हद्द ठेवायचीच तर सगळी गल्ली धरून मोठी ठेवा. एक गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, त्यात जीपीएसचं कुंपण बसतच नाही. सिंधरोटकडे मही नदीच्या बाजूला ज्यांचे फार्म आहेत, वीस गुंठे म्हणजे अर्धा एकर किंवा वर, त्यांना हे कुंपण खरं उपयोगी, कारण वीस गुंठ्यांचा चौकोन साधारण दीडशे फुटी होतो, चारी बाजूंनी तीस फूट आत हद्द घेतली तरी मधे नव्वद फूट कुत्र्याला मिळतात. आणि आत घ्यायचीच, विशेषतः नदी, विहीर आणि हायवेच्या बाजूने, कारण चूक दोन्हीकडे होते, कधी आतल्याला बाहेर दाखवते तर कधी बाहेरच्याला आत, आणि यातलं दुसरं जास्त घातक.

सेटिंगमधली अजून एक गोष्ट म्हणजे किती वेळ बाहेर दिसल्यावर अलर्ट द्यायचा. एका ठिपक्यावर अलर्ट ठेवला तर खोटे फार येतात, लागोपाठ दोन-तीन ठिपके बाहेर आले तरच दे असं ठेवलं तर खूप कमी होतात. पण ठिपका किती सेकंदांनी येतो हे आधी बघा. बॅटरी वाचवायच्या मोडमध्ये काही मिनिटांनी एक ठिपका येत असेल तर तीन ठिपके म्हणजे दहा मिनिटं गेली, आणि पळणारा कुत्रा पंचवीसच्या स्पीडने मिनिटाला चारशे मीटर जातो. म्हणून ठिपके लवकर-लवकर आणि अलर्ट तीन ठिपक्यांवर, ही जोडी ठेवा, मग बॅटरी रोज चार्ज करावी लागली तरी चालेल. बॅटरी उतरली की बरेच कॉलर आपण होऊन ठिपके विरळ करतात, तेव्हा वीस टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका.

काहींना अलर्ट बरोबर संध्याकाळीच येतात, सात ते अकरा-बारा, आणि मार्च-एप्रिल किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जास्त. त्याला बिचारा कॉलर काहीच करू शकत नाही. वातावरणाच्या वरच्या थरात, आयनोस्फिअरमध्ये, जीपीएसचा सिग्नल उशिरा होतो आणि सूर्यास्तानंतर तिथे जी खळबळ होते तिच्यात लुकलुकतो, आणि हा त्रास जगात ज्या पट्ट्यांत सगळ्यात जास्त असतो त्यातल्याच एका पट्ट्यात गुजरात येतं. अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीत या विषयावर कित्येक वर्षं काम चाललंय, आणि विमानांसाठी इस्रो आणि एअरपोर्ट ऑथॉरिटीने जीपीएसची चूक दुरुस्त करणारी जी गगन यंत्रणा उभारली तिच्यातही आयनोस्फिअरचं हे करेक्शन हा मोठा भाग आहे. सूर्यावरची हालचाल वाढली की हे वाढतं, आणि सध्याचं सौरचक्र शिखरावर आल्याचं नासाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं होतं. एकाच फ्रीक्वेन्सीवर चालणारा कॉलर ठरीव फॉर्म्युल्याने साधारण निम्मीच चूक काढू शकतो. नवीन घेणार असाल तर एल-वन आणि एल-फाइव्ह या दोन्ही फ्रीक्वेन्सी पकडणारा आणि आपला नाविक, म्हणजे भारताची स्वतःची जीपीएससारखी यंत्रणा, वाचणारा बघा, जुना असेल तर त्या महिन्यांत संध्याकाळपुरती हद्द पाच-सात मीटर सैल करा आणि त्या वेळात कुत्र्यावर नजर ठेवा.

कॉलर गळ्यात कसा बसलाय हेही बघा. ढिला असेल तर यंत्र फिरून गळ्याखाली येतं आणि मधे कुत्र्याचं आख्खं शरीर, सिग्नल अडतो. दोन बोटं जातील एवढाच घट्ट, यंत्र मानेच्या वर किंवा बाजूला, आणि त्याच्याजवळ लोखंडी साखळी किंवा घुंगरू नको.

अलर्ट रात्री दोनला आला पण हिस्टरीत ठिपका संध्याकाळी फिरायला नेलं तेव्हाचा असेल तर तो खोटा नाही, उशिरा आलाय. कॉलरला नेटवर्क मिळालं नाही म्हणून साठून राहिला. सिम कुठल्या कंपनीचं आहे आणि तुमच्या भागात तिचं नेटवर्क कसं आहे बघा, जिओचं टू-जी नाहीच, त्यामुळे जुना टू-जी कॉलर तिच्यावर चालणार नाही. अमेरिकेहून कोणी भाऊ-बहिणीने आणून दिलेला कॉलर असेल तर तो भारतात सर्व्हिस देतो का हे आधी कंपनीला विचारा. फोनमध्ये त्या ॲपचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा, नाहीतर अँड्रॉइड नोटिफिकेशन दाबून ठेवतो आणि सकाळी सगळे एकदम ओततो.

शेवटचा प्रकार म्हणजे सरळ, सलग, एकाच दिशेने जाणारा माग. हा खोटा नसतो. उठा आणि बघा. दिवाळीत, आणि उत्तरायणच्या, म्हणजे संक्रांतीच्या, दोन दिवसांत अगाशीवरचा गोंगाट आणि रात्रीचे फटाके चालू असताना घाबरून पळालेले कुत्रे बडोद्यात दर वर्षी हरवतात, त्या दिवसांत प्रत्येक अलर्ट खराच धरा, गुंता दिसला तरी एकदा कुत्र्याला डोळ्याने बघून या.

सगळं जुळवल्यावर कुत्र्याला दोरीने बांधून स्वतः हद्दीबाहेर न्या, घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर अलर्ट येतो का आणि किती वेळाने येतो ते बघा, आत आल्यावर थांबतो का तेही. पावसाळा सुरू झाला की आणि शेजारी बांधकाम झालं की हे परत करा. आणि गळ्यात कॉलरशिवाय पत्र्याचा साधा बिल्ला हवाच, त्यावर फोन नंबर, आणि नंबरच्या वर दोन शब्द गुजरातीतही लिहून घ्या, कारण कॉलरची बॅटरी संपल्यावर तुमचा कुत्रा ज्याला सापडेल तो चहाच्या लारीवाला किंवा रिक्षावाला तेच वाचून फोन करणार आहे.